शेवटचा इंच

इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या वाड्यात आवराआवर चालली होती. मे महिना, दुपारचे तीन, माजघरात कूलरची घरघर आणि माळ्यावरून नुकतीच उतरवलेली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत साठ-सत्तर रेकॉर्डी, डांबराच्या गोळ्यांचा वास, मधे खुपसलेले वर्तमानपत्राचे पिवळे कागद. घरातला नातू, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, एकेक रेकॉर्ड काढून मऊ फडक्यानं पुसत होता. ‘काका, आता नव्यानं घ्यायला लागलो तर कोणत्या लेबलच्या घ्यायच्या?’ त्यानं शेजारच्या काकांना विचारलं. काकांनी लगेच सांगितलं, ‘एचएमव्ही. डोळे झाकून घे.’ मुलानं मान डोलावली आणि ट्रंकेतून दोन रेकॉर्डी काढून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एक त्याच्या आजोबांची, साठच्या दशकातली; दुसरी चुलत आजोबांनी पुष्कळ वर्षांनी घेतलेली. लेबलचा लाल रंग तोच, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा तोच, क्रमांकही तोच. ‘मग या दोन वेगळ्या का वाजतात?’

काका गप्प झाले. मुलगा उठून स्वयंपाकघरातला काटा घेऊन आला. जुनी रेकॉर्ड भरली १५८ ग्रॅम, नंतरची ११४. ‘म्हणजे जुनीच चांगली,’ काका म्हणाले, आणि विषय तिथं संपला. मनात मात्र तो संपेना. कारण ‘कोणतं लेबल चांगलं’ या प्रश्नाला आपण सगळेच असं एका नावाचं उत्तर देतो, आणि काट्यावरचा आकडा दिसला की तोही त्याच उत्तराच्या बाजूनं उभा करतो. रेकॉर्डीचा आवाज ठरतो तो या दोन्हींच्या पलीकडे, चार-पाच निरनिराळ्या हातांत. लेबलवर त्यांतल्या एकाचंही नाव नसतं.

गाणं आधी टेपवर येतं. त्या टेपवरून कटिंग इंजिनिअर लाखेसारख्या लेपाच्या ॲल्युमिनियम चकतीवर खाच कापतो. आवाज किती मोठा ठेवायचा, दोन खाचांत किती अंतर सोडायचं, खर्जाला किती जागा द्यायची, हे निर्णय त्याचे. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. ते सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, त्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून पुन्हा उलटा ‘स्टँपर’. हा स्टँपर प्रेसमध्ये बसतो. वाफेनं तापलेल्या दोन स्टँपरांमध्ये विनाईलचा गोळा आणि दोन्ही बाजूंची कागदी लेबलं ठेवायची, शंभर टनांच्या आसपास दाब द्यायचा, मग त्याच प्रेसमधून गार पाणी फिरवायचं. सगळं अर्ध्या मिनिटात. प्रेस घाईनं उघडली तर रेकॉर्ड बशीसारखी खोलगट होते. साचा पुरेसा तापलेला नसेल तर विनाईल खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही, आणि मग एका बाजूनं कापड फाडल्यासारखा ‘झर्र झर्र’ आवाज येतो. तो कितीही धुतलं तरी जात नाही. एका स्टँपरवर साधारण हजारभर रेकॉर्डी निघतात. पहिल्या शंभरातली आणि शेवटच्या शंभरातली रेकॉर्ड एकाच दिवशी, एकाच लेबलाखाली बाजारात येते, पण शेवटच्या रेकॉर्डींत झांजेची किनार आणि तानपुऱ्याच्या जवारीचा चुरचुरीतपणा थोडा बोथट झालेला असतो. त्यामुळं लेबल आवडतं म्हणजे त्या लेबलच्या एका विशिष्ट काळातल्या, एका विशिष्ट कारखान्यातल्या माणसांचं काम आवडतं, एवढंच खरं.

आपल्या संगीतासाठी या सगळ्यातली सर्वांत अवघड जागा कोणती, हे चांगल्या लेबलांच्या पाश्चात्त्य याद्यांत सापडत नाही. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, सुई कडेला असो की आत. पण कडेला एका फेऱ्याचा घेर मोठा. तिथं सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. उंच स्वरांच्या लहरी इतक्या जवळजवळ येतात की साध्या गोल टोकाच्या सुईला त्यांच्यात शिरताच येत नाही; ‘स’ आणि ‘श’ची थुंकी उडते, सतारीच्या झाल्याचं वाळूचं घमेलं होतं. सिंफनी लिहिणाऱ्यालाही शेवटी जोर हवा असतो, पण ख्यालाची तर रचनाच अशी. विलंबित आधी, द्रुत शेवटी. संथ, मोकळा, श्वास घेणारा भाग येतो कडेच्या प्रशस्त खाचांत, आणि ताना, सरगम, तराणा, तबल्याची चाट, सगळं दाटीवाटीनं येतं ते लेबलजवळच्या शेवटच्या इंचात.

त्या इंचात कंपनी कळते.

म्हणून बाजू किती मिनिटांची, हे आधी पाहावं. १८ ते २० मिनिटांपर्यंत कापणाऱ्याचा हात मोकळा असतो. २२-२३ पर्यंत चालतं. २५च्या पुढं गेलं की एकतर आवाज लहान ठेवावा लागतो, म्हणजे रेकॉर्डीची खरखर गाण्याच्या जवळ येते. नाहीतर खर्ज कापावा लागतो, आणि मग तानपुरा चार तारांचा न वाटता तीनच तारांचा वाटतो. अमीर खाँसाहेबांच्या त्या रेकॉर्डीच्या दोन्ही बाजू वीस मिनिटांच्या पुढं जातात. तरी ती चांगली वाजते, कारण गायकी तशी आहे. अतिविलंबित झूमरा तालात खाँसाहेब आवाज फेकत नाहीत. मंद्रात, एकेका स्वराला टेकत पुढं जातात. एकदम उसळणारी लहर नाही, त्यामुळं खाचांना रुंद जागा लागत नाही, आणि वाचलेली जागा द्रुतासाठी उरते. कापणारा जाणता असेल तर तो हे ऐकून घेतो. कलकत्त्याजवळच्या दमदमला एचएमव्हीच्या रेकॉर्डी निघत; त्या कारखान्यात कापणाऱ्यांची नावं रेकॉर्डीवर छापली जात नसत, पण त्या काळच्या कित्येक रेकॉर्डींच्या शेवटच्या इंचात त्यांचा कान ऐकू येतो.

दमदमबद्दल आपल्याकडे विनाकारण एक संकोच असतो, की भारतीय छपाई ती काय असणार. १९०८ पासून कलकत्त्यात सियालदहला रेकॉर्डी छापल्या जात होत्या आणि विसाचं दशक संपता संपता दमदमचा मोठा कारखाना सुरू झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा कच्चा माल म्हणजे लाख. ती तर इथल्याच जंगलातली. ३३च्या वेगाची एलपी आली तोवर हाताला दोन पिढ्यांची सवय होती. साठच्या दशकातल्या शास्त्रीय रेकॉर्डी, म्हणजे ईएएलपी किंवा ईसीएलपी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मोनो आणि ईएएसडी, ईसीएसडी अक्षरांच्या स्टिरिओ, कुठं दिसल्या तर हातात घ्याव्यातच. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे १९६७चं संतूर, बासरी आणि गिटारचं प्रसिद्ध एकत्र वादन याच वर्गातलं. जी. एन. जोशी यांच्यासारखा गाणं कळणारा माणूस मुंबईच्या ध्वनिमुद्रणावर होता, हे त्या काळच्या रेकॉर्डींत जाणवतं. माईक वाद्याच्या अगदी तोंडाशी नाही. वाद्य खोलीत ठेवल्यासारखं ऐकू येतं. पुढं १९७३ नंतर तेल महागलं, पीव्हीसी महागलं, आणि जगभर सगळ्याच कारखान्यांत रेकॉर्डी पातळ झाल्या. कडांचा कापलेला, नापास रेकॉर्डींचा दळलेला माल पुन्हा वापरात आला. त्या दळणात लेबलच्या कागदाचा कणभर अंश जरी राहिला तरी तो पृष्ठभागावर बारीक टक्‌टक् म्हणून उमटतो. तरी सत्तरच्या दशकातल्या सगळ्या रेकॉर्डी टाकाऊ, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शुद्ध मालाचा एक घाणा, नवा स्टँपर, आणि अंगावर काटा येईल अशी शांत रेकॉर्ड याच वर्षांतही निघालेली आहे.

छपाईतला एक दोष मात्र ख्यालाला जितका बाधतो तितका रॉकला बाधत नाही. मधलं भोक. ते खाचांच्या केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी सुई दर फेऱ्याला एकदा आत-बाहेर झुलते. स्वरांतलं अंतर सेंटमध्ये मोजतात; कडेला हा झोल सहा सेंटच्या आसपास राहतो. लेबलजवळ तो १४ सेंट वर आणि १४ सेंट खाली जातो. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, आणि आपली प्रमाणश्रुती, म्हणजे अगदी बारीक स्वरांतर, सुमारे २१.५ सेंटची. म्हणजे दर १.८ सेकंदाला षड्ज एका श्रुतीपेक्षा जास्त हेलकावे खातो. दरबारीतला आंदोलित गंधार गायक स्वतः झुलवत असतो. त्याच्यावर रेकॉर्डीचा झोका चढला की गायकाचं काय आणि भोकाचं काय, हे कळेनासं होतं. ओळखायची रीत सोपी. सुई खाचेत असताना टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताच्या, पुढच्या टोकाकडे बाजूनं पाहायचं. तो सरळ आत जात असेल तर ठीक; डुलत असेल तर भोक सरकलेलं. रेकॉर्ड दुर्मीळ नसेल तर उपाय आहे. बारीक गोल कानशीनं भोक अर्धा मिलिमीटर मोठं करायचं, भुसा ओल्या फडक्यानं टिपायचा, रेकॉर्ड मॅटवर ठेवून बोटानं हळूच सरकवत राहायचं, टोनआर्म डुलायचा थांबेपर्यंत. एकदा जागा सापडली की लेबलवर पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. दुर्मीळ रेकॉर्डीला कानस लावू नये. तिचा झोका सहन करावा.

आपल्याच संगीताची सर्वांत निवांत छापलेली रेकॉर्ड कोणती, असं विचारलं तर उत्तर न्यूयॉर्कचं येतं. कॉनासर सोसायटी नावाच्या छोट्या कंपनीनं साठच्या दशकात बारा इंची रेकॉर्डी ४५ फेऱ्यांच्या वेगानं काढल्या. त्यांत अली अकबर खाँसाहेबांचा सरोद आहे, तबल्यावर महापुरुष मिश्र. ४५च्या वेगात शेवटच्या खाचेतही सेकंदाला २८ सेंटिमीटर मिळतात, ३३च्या २१ ऐवजी. एवढा फरक पुरतो. सरोदच्या पत्र्यावर नख घासतं तो आवाज, तार सुटल्यावर चिकारीची थरथर, सगळं शेवटपर्यंत सुटं सुटं राहतं. किंमत अशी की एका बाजूला मिनिटं कमी मिळतात, आणि रागाला मिनिटं लागतात. लॉस एंजेलिसच्या वर्ल्ड पॅसिफिकनं रविशंकरांच्या पुष्कळ रेकॉर्डी काढल्या; त्यांतलं सतारीचं अंग जवळून, थोडं झगझगीत ऐकू येतं, आणि तबला कधी कधी एका स्पीकरमध्ये एकटा पडतो. ऐकायला छान, पण कॉनासरचा गहिरेपणा त्यांत नाही. नंतरच्या काळात वॉटर लिली अकूस्टिक्सनं विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं जे ध्वनिमुद्रण केलं, १९९३ साली आलेलं, ग्रॅमी मिळालेलं, ते फक्त दोन माईकांवर, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या, आणि व्हॉल्व्हच्या यंत्रांतून टेपवर घेतलेलं आहे. मोहनवीणेच्या तरफा वाजत राहतात आणि त्यांच्यामागं त्या वास्तूची हवा वाजते. पुढं ॲनालॉग प्रॉडक्शन्सनं त्याची एलपी काढली. मिळाली तर सोडू नये.

इथं एक नियम हाताशी ठेवावा. जिथं मूळ टेप, तिथली पहिली छपाई. भारतात ध्वनिमुद्रित झालेलं गाणं असेल तर दमदमची. लंडनला झालं असेल तर इंग्लंडची. १९६७ सालचं रविशंकर आणि व्हायोलिनवादक मेन्युहिन यांचं ॲबी रोड स्टुडिओतलं काम हेज गावच्या कारखान्यात छापलेल्या प्रतीत जास्त मोकळं वाटतं, कारण दुसऱ्या देशाला बहुधा टेपची नक्कल पाठवली जायची, आणि नकलेत प्रत्येक वेळी थोडी धूळ बसते. उलट, अमीर खाँसाहेबांसाठी परदेशी छपाईच्या मागं धावणं व्यर्थ.

लेबलपेक्षा जास्त बोलते ती लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधली कोरी पट्टी. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग. उजेड आडवा टाकायचा. तिथं कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक दिसतो आणि त्याच्या शेवटी बहुधा एक आकडा, म्हणजे कितव्यांदा कापलेली चकती. लहान आकडा म्हणजे मूळच्या जवळ. नेहमी चांगलाच असतो असं नाही, कारण कधी कधी पहिला घाव चुकल्यामुळंच दुसरा घालावा लागतो. हेजच्या रेकॉर्डींवर मदरचा क्रमांक आकड्यात आणि स्टँपरचा अक्षरांत असतो. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं ओळीनं १ ते ९ आणि शून्य. नुसता ‘जी’ दिसला तर पहिला स्टँपर. ‘जीआर’ दिसलं तर बारावा. डेक्का या इंग्लिश कंपनीनं यासाठी ‘बकिंगहॅम’ या शब्दाची दहा इंग्रजी अक्षरं घेतली, बी म्हणजे १ पासून एम म्हणजे ० पर्यंत, आणि कापणाऱ्या इंजिनिअरचं अक्षर मॅट्रिक्सच्या शेवटी लावलं. पन्नाशीच्या अखेरीपासून सत्तरीपर्यंतच्या डेक्काच्या स्टिरिओ रेकॉर्डी ऑर्केस्ट्रासाठी माझ्या मते सगळ्यांच्या वर, आणि त्याचं एक कारण हेच असावं, की तिथं कामावर सही करायची पद्धत होती. अमेरिकेत ब्लू नोटच्या जाझ रेकॉर्डींवर रूडी व्हॅन गेल्डर यांचं नाव किंवा ‘आरव्हीजी’ अशी आद्याक्षरं ठोकलेली असतात. ध्वनिमुद्रण त्यांचं, चकतीही त्यांनीच कापलेली. १९६६ पर्यंतच्या रेकॉर्डींत शेजारी कानासारखं दिसणारं इंग्रजी ‘पी’ असतं, छपाईच्या कारखान्याची खूण. दोन्ही असले तर ड्रमच्या झांजेवर काठी पडलेली कळते, नुसती झांज वाजलेली नव्हे.

चित्रपटगीतांचा न्याय वेगळा. साठच्या दशकापर्यंतची गाणी मोनोच मुद्रित झाली, त्यामुळं त्यांची मोनो रेकॉर्डच घ्यावी. पुढं काही पुनर्मुद्रणांत तोच मोनो आवाज फिल्टर लावून डावी-उजवीकडे फाकवला आणि वर ‘स्टिरिओ’ छापलं. लताबाईंचा आवाज त्यात मधोमध उभा न राहता धुक्यासारखा पसरतो. सत्तरीत भारतात आलेल्या पॉलिडॉरनं मात्र स्टिरिओचा खरा आनंद दिला. आर. डी. बर्मन यांचा बेस आणि तालवाद्यं त्यांच्या रेकॉर्डींत जोरकस, पुढं येऊन वाजतात. १९७५ साली आलेल्या ‘शोले’ची रेकॉर्ड पॉलिडॉरचीच, आणि तिच्या संवादांची रेकॉर्ड तर घरोघरी खाच झिजेपर्यंत वाजली. म्हणूनच आज ‘शोले’ची चांगली प्रत मिळणं कठीण; सगळ्यात आवडीची रेकॉर्ड सगळ्यात दमलेली असते.

कलकत्त्याच्या हिंदुस्तान कंपनीच्या ७८च्या तबकड्यांवर वेगळा लेखच हवा. बडोद्याच्या फैयाज खाँसाहेबांचा आवाज साडेतीन मिनिटांत मावलाय तो त्यांच्यावरच. इथं एवढंच, की या तबकड्यांना एलपीची सुई लावू नये. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळात घासत राहते आणि फक्त खरखर वेचून आणते. इंदूरजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचं रेकॉर्ड संग्रहालय आहे. ज्याला लेबलांचा इतिहास रंगांत आणि चित्रांत पाहायचाय, त्यानं एक सकाळ तिथं काढावी.

नव्या छपाईत नावं बरीच आहेत, भरवशाची थोडी. कॅन्ससच्या सलायना गावातला क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज, कॅलिफोर्नियातला आरटीआय, जर्मनीतला पालास हे कारखाने काळजीनं छापतात. ब्लू नोटची २०१९ पासूनची टोन पोएट मालिका केविन ग्रे मूळ टेपवरून कापतात आणि आरटीआय छापतो, म्हणून ती इतकी शांत आणि भरीव. जर्मनीच्या स्पीकर्स कॉर्नर या कंपनीबद्दलही मनात तसाच आदर आहे. वेष्टनावर ‘१८० ग्रॅम’ लिहिलं म्हणून आवाज सुधारत नाही. वजनामुळं रेकॉर्ड वाकत कमी, एवढंच. कोणी कापली, कशावरून कापली, कुठं छापली, हे ज्या वेष्टनावर लिहिलेलं नाही ती रेकॉर्ड ऐकल्याशिवाय घेऊ नये, मग चित्र कितीही देखणं असो.

आणि कुठल्याही लेबलचं सगळं कौतुक माळव्यातल्या एका माळ्यावर संपू शकतं. पत्र्याखाली मे महिन्यात जी उष्णता साठते तिच्यात विनाईलला नरम पडायला फार वेळ लागत नाही. ६० अंशांच्या सुमारास ते वाकायला लागतं, आणि आडव्या थप्पीत तर स्वतःच्याच वजनानं. रेकॉर्डी उभ्या, अंगाला अंग लावून, पण आवळून नाही. एका फुटात सत्तर-ऐंशी मावतात आणि त्यांचं वजन पंधरा-सोळा किलो भरतं. फळी त्या बेतानं घ्यावी. पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या बाहेर काढून पाहाव्यात, पांढरी नक्षीदार बुरशी असेल तर त्याच आठवड्यात धुवाव्यात. एक लिटरचं मिश्रण: ७५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. खाचांच्या दिशेनं गोल गोल मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून वीस मिनिटं उभी सुकवायची. नर्मदेचं नळाचं पाणी शेवटी वापरू नये. ते सुकलं की क्षार खाचेत बसतो. आणि ७८ला अल्कोहोलचा थेंबही लावू नये. लाख अल्कोहोलात विरघळते. तबकडी डोळ्यांदेखत चिकट होईल.

रामबागेतली ती दुपार इथं परत येते. संध्याकाळी ऊन उतरलं, माळव्यातली ती हवीहवीशी झुळूक गच्चीवरून जिन्यात आली, तेव्हा मुलानं दोन्ही रेकॉर्डी याच मिश्रणानं धुतल्या, सुकवल्या आणि आपल्या नव्या प्लेअरवर लावल्या. सुईचा भार १.८ ग्रॅम. आधी आजोबांची, मारवा. धुतल्यावर खरखर जवळजवळ गेली. तानपुरा रुंद, बसका, खोली भरून. मग चुलत आजोबांची, तोच मारवा: थोडा कृश, थोडा मागं. काकांनी मान हलवली, ‘सांगितलं नव्हतं?’ मुलानं रेकॉर्ड उलटली. आजोबांच्या प्रतीतली दरबारी विलंबितात भव्य होती. तराणा सुरू झाला, सुई शेवटच्या इंचात शिरली, आणि प्रत्येक जोरकस अक्षराला कागद चुरगाळल्यासारखा आवाज येऊ लागला. मुलानं ट्यूबलाइटखाली रेकॉर्ड तिरकी धरली. लेबलजवळ बोटभर रुंद राखाडी पट्टा. आजोबांचा तो सुटकेससारखा उघडणारा प्लेअर, सात-आठ ग्रॅमची सिरॅमिक पिकअप, कदाचित वर्षभर न बदललेली सुई; आणि त्या माणसाला दरबारीतला तराणा किती आवडत असेल. लेबलच्या भोकाभोवती प्लेअरच्या मधल्या दांड्याच्या शेकडो पांढुरक्या रेषा होत्या. अंधारात, डोळे मिटून, रेकॉर्ड चाचपडत बसवल्याच्या.

चुलत आजोबांच्या रेकॉर्डीवर अशी एकही रेष नव्हती. ती बहुधा चार-पाच वेळाच वाजली असावी. त्याच जागी तराणा आला तो स्वच्छ, थोडा बारीक, पण एकेक अक्षर सुटं, तबल्याची चाट शेवटच्या तिहाईपर्यंत टणक. सगळे गप्प बसून राहिले. सुई कोऱ्या पट्टीत जाऊन पुटपुटायला लागली तरी कोणी उठलं नाही.

मग मुलानं पेन्सिल घेतली आणि आतल्या पांढऱ्या पाकिटांच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलं. एकावर ‘मारवा’. दुसऱ्यावर ‘दरबारी’. आणि दोन्ही पाकिटं एकाच वेष्टनात सरकवली.